मोगरा कोण तोडतंय?

१२ एप्रिल, शनिवार

आजही नाही! एकही टपोरी कळी नाही.

काल संध्याकाळी पाणी घालताना मी स्वतः बघितल्या होत्या. बटमोगऱ्याच्या, पांढऱ्याशुभ्र, आज फुलणार म्हणून फुगलेल्या. सकाळी पोळ्या उरकून बाहेर आले तर झाड नुसतं हिरवं. खाली पाकळी नाही, मोडलेली काडी नाही. शेजारी गुलाब तसाच. जास्वंदी लालभडक उभी. सदाफुलीला कुणी हात लावलेला नाही. फक्त मोगरा!

दुसरं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं. हा मोगरा मी सुप्रियासाठी राखलाय. नणंद माझी, सातवा लागला, ११ मेला तिच्या सासरी इंदापूरला डोहाळजेवण. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळी फुलांची वाडी मी माझ्या बागेतल्या फुलांची करणार म्हणून सांगून बसलेय. फोनवर, सगळ्यांच्या देखत. आता बाजारातून फुलं न्यावी लागली तर तोंड कुठं लपवू?

जानेवारीत छाटणी केली, पानं ओरबाडून काढली, पाणी तोडलं, मग शेणखत घातलं. तेव्हा कुठं बहर धरलाय. आणि कुणीतरी आयता हात मारतंय.

१३ एप्रिल

फिरायला जाणाऱ्या बायकांवर माझा डोळा आहे. आमच्या जळोचीत हल्ली सकाळी सकाळी पिशव्या घेऊन हिंडतात. दुसऱ्याच्या कंपाउंडबाहेर आलेली फांदी म्हणजे जणू सरकारी! एकीच्या काठीला तर हूक लावलेला आहे.

पण मोगरा आतल्या बाजूला आहे, अर्ध्या पिंपात लावलेला. आणि देवासाठी तोडणारी बाई जास्वंद सोडून मोगरा नेईल का? गणपतीला जास्वंदच लागते. म्हणजे चोर देवभक्त नाही.

आत्यांना विचारलं. (सासूबाईंना मी आत्याच म्हणते, आमच्याकडं तशीच रीत.) त्या घरात सगळ्यांच्या आधी उठतात, अंगण झाडतात. म्हटलं, कुणी दिसलं का? म्हणाल्या, "न्हाय बा. कुत्री हिंडत्यात नुसती."

कुत्री मोगरा खात नाहीत.

१५ एप्रिल

दिग्विजय, माझा नवरा, म्हणतो, बुलबुल असेल. कंपनीत चार मशिनी सांभाळणारा माणूस, आणि म्हणे बुलबुल! बुलबुल देठ नखानं खुडतो का? कारण मी निरखून बघितलंय. तोडणारा जाणता आहे. कळी देठासकट अलगद घेतलीय, फांदीला धक्का नाही, शेजारची कोवळी कळी शाबूत. असं तोडायला हात लागतो.

म्हणूनच जास्त राग येतो.

संध्याकाळी पिंपाभोवती चुलीतली राख पसरली. पाऊल उठेल. फाटकाला काळा दोराही बांधला.

१६ एप्रिल

दोरा जागेवर. राख नाही! आत्यांनी सकाळी झाडून घेतली. "मुंग्यांसाठी टाकली व्हय? मला वाटलं घाण पडलीया." काय बोलणार!

१८ एप्रिल

सापडलं. बहुतेक सापडलं.

दुपारी कपडे वाळत घालताना शेजारच्या मेहबूबबी चाची भिंतीपाशी आल्या. आमच्या दोघांच्या घरांमधली भिंत कमरेएवढी, उंच करू करू म्हणता राहिलीच. चाचींच्या केसात गजरा! मोगऱ्याचा!

मी सहज विचारावं तसं विचारलं, "चाची, छान आहे, कुठून आणला?"

"ह्यांनी आणला की बाजारातनं." ह्यांनी म्हणजे बादशाह चाचांनी. त्यांचं सायकलचं दुकान आहे.

बाजारचा गजरा मला कळत नाही का? बाजारचा दोऱ्यानं गच्च आवळलेला असतो, कळ्या बारक्या, कडा तपकिरी. हा सैल होता, घरी ओवलेला, आणि कळ्या टपोऱ्या. बटमोगरा! या गल्लीत बटमोगरा आणखी कुणाच्या दारात आहे?

आणि बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

१९ एप्रिल

उजाडायच्या आधीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले. दूधवाला येऊन गेला. आत्यांनी अंगण झाडलं, सडा टाकला. चाची बाहेरही आल्या नाहीत. चहा टाकायला तेवढी ओट्याकडे वळले असेन, बस. बाहेर जाऊन बघते तर कळ्या गायब.

हवेत विरतात की काय!

२१ एप्रिल

आत्या रोज दुपारी चाचींकडे जातात. सुप्रियाच्या बाळासाठी दोघी मिळून वाकळ शिवतायत, जुन्या लुगड्यांची. आत्यांना निरवांगीहून इथं येऊन आता तीन वर्षं होतील. मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर दिग्विजय त्यांना घेऊन आला. सुरुवातीला खोलीतून बाहेर पडत नव्हत्या, चाचींनीच त्यांना बोलतं केलं. ते सगळं मान्य. पण म्हणून घरातलं सगळं तिकडं सांगायचं का? मोगऱ्याला कधी पाणी, मी कधी बाजारात, कधी बाथरूममध्ये — चाचींना सगळं ठाऊक असणारच.

आज आत्यांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, माझा त्यांच्यावर संशय आहे, तुम्ही जरा लक्ष ठेवा.

आत्या सुई ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "फुलंच हायेत, पोरी. झाडाला परत येत्यात."

परत येतात! स्वतः एक कुंडी तरी लावली का कधी?

२४ एप्रिल

गुलाबावर मावा. निंबोळी अर्क मारला. अबोलीची रोपं धरली. जास्वंदीच्या कुंडीत पिठ्या ढेकूण होता, जुन्या ब्रशनं घासून काढला.

मोगऱ्याला तांदळाचं धुवण घातलं. एक कबूल करायला हवं. झाड वाईट दिसत नाहीये. उलट रोज तोडल्यामुळं नवे फुटवे जोरात आलेत. माझ्या हातानं एवढा बहर कधी आला नव्हता.

माझं माहेर सुप्याचं. तिकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, झाडाला पाणी म्हणजे पाप. आईनं भांडी विसळलेल्या पाण्यावर एक तुळस जगवली होती. तिथली मी, इथं पाणी बघून वेडी झाले. लग्न झाल्यावर पहिलं काय केलं असेल तर हे पिंप कापून आणलं आणि मोगरा लावला. दिग्विजय म्हणतो, नवरा नंतर, मोगरा आधी. असू दे. माझ्या एकटीचं म्हणावं असं या घरात दुसरं आहे काय?

आणि तेच कुणीतरी माझ्या नाकाखालून नेतंय.

२७ एप्रिल, रविवार

सुप्रियाचा फोन. आवाजावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय.

तिच्या सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, ठरवलंय. डोहाळजेवणाला आत्यांनी यायचं, पंगतीला बसायचं, पण ओटी भरायला पुढं यायचं नाही. ओटी मी भरायची. "तसं काई मनात धरू नका म्हणावं, पण सवाष्णीचं काम सवाष्णीनंच करावं," असं म्हणाल्या म्हणे. धोंडाबाई स्वतः विधवा. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांनी सगळं कडक पाळलं, म्हणून आता सगळ्यांनी पाळायचं.

सुप्रिया रडली. "वहिनी, माझी आई आहे ती. तिनं नको भरायची?" मी म्हटलं, रडू नको, बाळाला त्रास होतो. दुसरं काय म्हणणार?

आत्यांना मीच सांगितलं. वाटलं होतं वाईट वाटेल, डोळ्यांत पाणी येईल. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागल्या. मी घातलेलंच होतं सकाळी!

एवढं शांत कसं राहता येतं माणसाला? मला या घरात कुणाचंच काही कळत नाही.

३० एप्रिल, आखिती (अक्षय्य तृतीया)

मामांना निवद दाखवला. पुरणपोळी, आमरस, कुरडई. फोटोला मोगऱ्याचा हार घालायचं मनात होतं, पण कळ्या कुठायत! झेंडूचा घातला. मी कुरकुरले, "वर्षातून एकदा माणसाला घरचा हार मिळू नये."

आत्या म्हणाल्या, "त्येंला कशाला मोगरा? त्येंला न्हवता आवडत."

मोगरा न आवडणारा माणूस मी आजवर ऐकला नव्हता. शिवाय, हे आत्ताच कसं आठवलं? चाचींची बाजू घ्यायला?

२ मे, शुक्रवार

आज झालं एकदाचं.

चाची पुन्हा गजरा माळून भिंतीपाशी. मला राहवलं नाही. दिग्विजयला सुट्टी होती, तो गाडी धुवत होता. समोरच्या दोघी-तिघी दारात उभ्या. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "चाची, खरं सांगा. माझा मोगरा तुम्ही तोडता ना?"

चाचींचा चेहरा एकदम उतरला. "मी? अगं, मला लागला तर मागून घीन की. तुझ्याकडं मागायला लाज कसली?"

"मग हा गजरा? बटमोगरा बाजारात मिळत नाही."

दिग्विजय म्हणाला, "स्वरूपा, जाऊ दे." मी ऐकलं नाही. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. म्हटलं, नणंदेच्या डोहाळजेवणासाठी राखलेली फुलं आहेत, पोटुशीच्या नावाची फुलं चोरायला काही वाटत नाही का?

तेव्हा चाचींची नजर हलली. माझ्याकडे नाही, माझ्या मागं बघितलं. मागं दारात आत्या उभ्या होत्या. क्षणभरच. मग चाची म्हणाल्या, "व्हय बाई. मीच तोडली. चुकलं माझं."

आणि आत निघून गेल्या. समोरच्या बायकाही दारं लावून घेतायत असं वाटलं.

मी जिंकले. मग मला असं का होतंय? पहिल्यांदा 'नाही' म्हणताना त्यांचा आवाज खरा होता. 'हो' म्हणताना नव्हता.

आणि त्या माझ्या मागं का बघत होत्या?

३ मे

कळ्या झाडावर आहेत. सगळ्या.

आत्या धड जेवल्या नाहीत. वाकळ शिवायला गेल्या नाहीत. म्हटलं, बरं नाही का? "हाय की बरं."

दिग्विजय माझ्याशी बोलत नाही. "इथं नवा आलो तेव्हा बादशाह चाचांनी मला सायकल उधार दिली होती," एवढंच म्हणाला.

५ मे, सोमवार

पुन्हा!

चाची काल सकाळपासून लेकीकडे फलटणला गेल्यात. बादशाह चाचा दुकानावर, घराला कुलूप. मी स्वतः बघितलं. आणि आज सकाळी मोगरा रिकामा.

म्हणजे चाची नव्हत्या. मग 'हो' का म्हणाल्या? कुणासाठी?

बाहेरचा कुणी नाही. फाटकाला कडी. मग राहिलं कोण? दिग्विजयला मोगरा आणि कुंदा यातला फरक कळत नाही.

दुपारी गाद्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे धुवायला काढले. आत्यांची उशी उचलली आणि हात तिथंच थांबला. वास. मोगऱ्याचा.

उशी परत ठेवली. अभ्रा धुतला नाही. त्यांना कळायला नको, मला कळलंय ते.

पण कशासाठी? फुलं तोडून लपवायची कशाला? कुणाला देतात? कसला अंगारा-धुपारा तर नाही? निरवांगीची कुणी बाई मध्ये दोनदा येऊन गेली, त्यांच्या खोलीत बसली होती, मी चहा न्यायला गेले तर गप्प झाल्या. सुप्रियाच्या ओटीचं मनाला लावून घेतलंय का? माझी वाडी होऊ नये म्हणून तर नाही? मी ओटी भरणार म्हणून माझ्यावर राग?

कुणाला विचारू? चाची असत्या तर त्यांनाच विचारलं असतं. हे लिहिताना हसू येतंय, आणि लाजही वाटतेय.

६ मे, मंगळवार

नीट लिहिते. सगळं.

सकाळी मोठ्यानं सांगितलं की बारामतीत जाते, वाडीसाठी पुठ्ठा, जर, दोरा आणायचाय, उशीर होईल. पिशवी घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ काढला आणि मागच्या दारानं परत आले. चपला हातात. स्वतःच्या घरात चोरासारखी.

आत्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसत होतं.

त्या पलंगावर बसल्या होत्या. पदर खाली. खिडकीच्या गजाला दिग्विजयचा दाढीचा आरसा अडकवलेला. केस विंचरून अंबाडा घातला होता आणि अंबाड्याला गजरा. मोगऱ्याचा. मान इकडं वळवून बघत होत्या, तिकडं वळवून बघत होत्या. मग गजऱ्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. इतका मऊ चेहरा मी त्यांचा कधी बघितला नाही.

दार माझ्या हातून हललं.

त्यांनी झटकन पदर डोक्यावर ओढला. इतक्या जोरात की आरसा पडला. फुटला नाही. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडतील, पाया पडतील. पण त्या म्हणाल्या, "आलीस? ये. बघ आता नीट."

मी म्हटलं, "आत्या, तुम्ही..."

"व्हय. मी. रोज झाडताना तोडते. निम्मी मेहबूबबीला देते, तिच्याच घरी गजरा करते. तितं माळून बसते वाकळ शिवताना. निघताना काढते. काल-परवा ती न्हवती, म्हणून हितंच."

"पण का?"

"का म्हंजी? आवडतं."

मी पलंगाच्या कडेला बसले. पडलेला आरसा उचलून उशीवर ठेवला. मग त्याच बोलल्या, थांबत थांबत. लग्न होऊन निरवांगीला आल्या तेव्हा एकदा गजरा माळला होता. मामा म्हणाले, "कुणाला दावायचाय?" त्यानंतर कधीच नाही. मामा मारायचे नाहीत. शिवी नाही. नुसते बघायचे. उसाला पाणी द्यायला गेलं तरी माघारी आल्यावर विचारायचे, वाटेत कोण भेटलं, काय बोलली, एवढा वेळ का. बाजाराला गेलं की मागं माणूस. "हयात गेली त्येंच्या नजरंखाली. गेले तवा रडू आलं मला, खोटं कशाला बोलू? माणूस हुतं शेवटी. पण तेराव्यानंतर एक दिवस मनात आलं, आता माळावं. आता कोण इचारतंय. तर समद्या बाया म्हणल्या, अगं, आता तर माळायचंच न्हाय!"

आणि त्या हसल्या. खरंच हसल्या.

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? सासूनं सुनंला म्हणायचं, मला गजरा दे?" मग हसू गेलं. "आन् तू राख टाकलीस. दोरा बांधलास. खिडकीत बसलीस. तुझी नजर मागं लागली, तवा वाटलं, ह्येच परत आले घरात."

हे वाक्य मी लिहून ठेवतेय, कारण मला ते विसरता येणार नाही. मी मामांना फार बघितलं नाही. फोटोतले डोळे तेवढे माहीत आहेत.

चाचींचं विचारलं. त्यांनी अंगावर का घेतलं?

"मी त्याच येळला बोलणार हुते. तोंडच उघडंना. सांच्याला तिच्याकडं गेले, म्हणलं, तू का वडून घेतलंस? तर म्हणती, माझ्या डोक्यात फूल दिसलं तर लोक चोर म्हणत्याल. तुझ्या डोक्यात दिसलं तर काय म्हणत्याल, ते चोराच्या वरताण."

गजरा त्यांनी काढून माझ्या हातात दिला. "घे. सुप्रियाच्या वाडीला ठेव."

मी घेतला नाही. त्यांच्या केसांत परत अडकवावा असं वाटलं, पण हात उचलला नाही. उठून बाहेर आले आणि उगाच कुंड्या हलवत बसले.

७ मे

चाची फलटणहून आल्या. मी त्यांच्याकडे गेले. दारातच म्हटलं, चाची, चुकलं.

"आधी आत ये. च्या घे."

चहा प्याले. त्यांनी माझ्याकडून कबुली घेतली नाही, शपथ घातली नाही, काहीच नाही. फलटणच्या नातीचं कौतुक सांगितलं. मी निघताना म्हणाल्या, "द्वारकाला, तुझ्या सासूला, बोलू नगंस काई. लई भिती ती."

म्हटलं, माझी भीती वाटते त्यांना?

"मग कुणाची?"

समोरच्या बायकांना मी सांगितलं की माझाच गैरसमज होता. का, कसा, ते सांगितलं नाही. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. बघू देत.

दिग्विजयनं विचारलं, सापडला का चोर? म्हटलं, बुलबुल होता. तो खूश झाला.

१० मे

वाडी तयार. आत्यांनी रात्रीच्या जेवणाआधी बसून अर्धी केली. त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. मुकुट त्यांचाच. मोगरा, मध्ये अबोली, कडेला तुळशीच्या मंजिऱ्या. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली.

उद्या मी सांगणार आहे. सगळ्यांसमोर. ओटी आत्या भरतील. ठरलं.

११ मे, रविवार

नाही सांगितलं.

सुप्रिया फुलांत अशी दिसत होती की बघत राहावं. पाटावर बसवली. धोंडाबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पांढरी साडी, कपाळ मोकळं, आणि सगळ्या घराला तिथूनच हुकूम सोडत होत्या. "स्वरूपा, चल, पुढं हो. खण-नारळ घे."

मी उठले. आत्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं. एवढ्या बायका, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझा आवाज गल्लीत चाचींवर चढतो, तिथं मात्र फुटला नाही! आत्यांनी लांबूनच मान हलवली, भर गं. मी ओटी भरली. सुप्रिया पूर्ण वेळ चौकटीकडे बघत होती.

नंतर पंगत. धोंडाबाई स्वतः उठून आत्यांना पुरणपोळी वाढायला आल्या. वाकल्या, आणि तशाच थांबल्या. पोळी हातात, नाक जरासं वर. त्यांनी आत्यांच्या पदराकडे बघितलं, डोक्याच्या मागं, जिथं पदर उंच दिसत होता. मी घास खाली ठेवला. त्यांनी पोळी वाढली, पण पुढं गेल्या नाहीत. आत्यांच्या शेजारीच बसल्या, उठेपर्यंत.

निघताना मला बाजूला घेतलं. "तुझा नंबर दे गं. बोलायचंय जरा."

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर मी आणि आत्या. काच लावलेली, आणि सगळ्या गाडीत वास. मी हळू आवाजात विचारलं, "माळलाय?"

आत्या बाहेर उसाकडे बघत होत्या. "माझ्या लेकीचं डोहाळजेवण. माळणार न्हाय व्हय?"

१२ मे

सुप्रिया फोन उचलत नाही.

धोंडाबाईंना कळलंय, शंकाच नाही. आता काय काय बोलतील? सुप्रियाला ऐकवतील, "तुझी आई असली." बाळंतपणाला माहेरी पाठवायची की नाही, इथपर्यंत जाईल. धोंडाबाईंचा भाचा दिग्विजयच्याच कंपनीत आहे. म्हणजे बातमी आधी कंपनीत, तिथून निरवांगीत. आत्यांना अजून काही सांगितलं नाही. त्या आज खुशाल कळ्या तोडत होत्या, माझ्यासमोर.

१३ मे

सुप्रियाचा मेसेज. 'नंतर बोलते.' बस.

नंतर म्हणजे? शेजारी कोण बसलं होतं?

१४ मे, बुधवार

धोंडाबाईंचा फोन आला. आधी ऊन, मग सुप्रियाचे पाय सुजतात ते, मग यंदाचे आंबे. मी नुसतं हं हं. मग पलीकडं दार लावल्याचा आवाज.

"विहीणबाईंच्या अंबाड्याला वास येत हुता," त्या म्हणाल्या.

मी फोन घेऊन अंगणात आले. 

"त्या मोगऱ्याची एक फांदी कुंडीत लावून ठेव, माझ्यासाठी. आन् हितं कुणाला सांगू नगंस गं बाई. सुप्रियाला बी न्हाय."